दादांच्या नावावर कुणाचा श्वास?

वाचकाचं पत्र (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, थोडक्यात):

मी ३६ वर्षांचा आहे. फाउंड्रीत फेटलिंगला काम करतो. साच्यातून निघालेल्या कास्टिंगवरची चिकटलेली वाळू आणि जादाच्या कडा ग्राइंडरने काढायच्या, हे आमचं काम. अकरा वर्षं झाली. ज्यांनी मला हे काम शिकवलं त्यांना मी दादा म्हणतो. ते ५३ वर्षांचे आहेत आणि बावीस वर्षं याच धुळीत आहेत. गेले तीन महिने त्यांचा खोकला जात नाही. जिना चढताना मध्येच थांबतात. पुढच्या महिन्यात आमचं वार्षिक मेडिकल आहे. तपासणीची गाडी येते, एक्स-रे काढतात, नळीत जोरात फुंकायला लावतात. कार्डावरचा फोटो कुणी बघत नाही. मी कायम आहे, दादा ठेकेदाराकडे. गेल्या वर्षी एक जण अनफिट निघाला, ठेकेदाराने दुसऱ्याच दिवशी त्याचा गेट पास काढून घेतला. दादा म्हणतात, ‘फुंकायला माझ्या नावावर तू जा. मुलीचं शिक्षण संपायला दोन वर्षं आहेत, तेवढी काढू दे.’ बायको म्हणते, यात पडू नका. पण ज्या माणसाने हातात ग्राइंडर धरायला शिकवलं त्याला नाही कसं म्हणू? आणि ही सक्तीची तपासणी खरं तर असते कुणासाठी? मला दरवर्षी ‘फिट’ या एका शब्दापलीकडे काही कळत नाही.

उत्तर:

नमस्कार,

तुम्ही मेडिकलबद्दल विचारलंत, पण पत्र वाचताना मी ‘तीन महिने’ या दोन शब्दांपाशीच थांबले. म्हणून आधी खोकला आणि मग मेडिकल.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की थुंकी तपासायची, मग तो कुणाचाही असो. बावीस वर्षं वाळूच्या धुळीत काढलेल्या माणसाने तर हे एक दिवसही लांबवू नये. तुमच्या वाळूत सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण श्वासाबरोबर फुप्फुसाच्या पार टोकापर्यंत जातात. तिथल्या पहारेकरी पेशी ते कण गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत आणि त्या स्वतःच मरतात. क्षयाच्या जंतूला अडवायचं कामही याच पेशींकडे असतं. त्यामुळे सिलिकाच्या धुळीत राहिलेल्याला क्षयाचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, एक्स-रेवर सिलिकोसिस (या धुळीने फुप्फुसांवर व्रण पडून ती कडक होण्याचा आजार) दिसत नसला तरीही. दादांना क्षयच झालाय असं मी म्हणत नाही. सिलिकोसिस असेल, दोन्ही असेल, दमा असेल, सिगारेटचा खोकला असेल. पण या यादीत औषधांनी पूर्ण बरा होणारा आजार क्षयच आहे. साध्या क्षयाला साधारण सहा महिन्यांचा कोर्स पुरतो. आणि दादांकडून त्यांच्या मुलीला, तुम्हाला, जेवायला शेजारी बसणाऱ्याला होऊ शकणारा आजारही तोच एक.

तेव्हा पुढचा महिना, गाडी, ठेकेदार हे सगळं घटकाभर बाजूला ठेवा. याच आठवड्यात दादांना छातीच्या दवाखान्यात घेऊन जा. या तपासणीचा कारखान्याशी संबंध नाही. तिचा कागद दादांच्या हातात पडतो, ठेकेदाराच्या नाही.

आता फुंकण्याकडे वळते. तुम्हाला वाटतं तेवढी ही टेस्ट मुकी नसते. मशीनमध्ये आधी वय, उंची, स्त्री की पुरुष हे भरतात आणि त्यावरून या माणसाची किती हवा निघायला हवी याचा अंदाज निघतो. वय वाढतं तसा हा अपेक्षित आकडा खाली येतो. ५३ वर्षांच्या नावावर ३६ वर्षांचा गडी फुंकला आणि त्याची फुप्फुसं ठणठणीत असली, तर निकाल शंभर टक्क्यांच्या वर जाईल. (तुमची ठणठणीत आहेत का, हा प्रश्न पुढे येणारच आहे.) गाडीतल्या मुलाच्या हे लक्षात येईलच असं नाही. पण ज्या दिवशी कुणी दादांचे चार वर्षांचे आकडे एका ओळीत मांडेल, त्या दिवशी बावीस वर्षं धूळ खाल्लेली छाती एका वर्षात तरुण झालेली दिसेल.

पकडले जाल म्हणून नको, एवढंच मला सांगायचं नाही. तोतया म्हणून तुमची नोकरी जाऊ शकते. तुमच्या पत्नीला तीच भीती आहे आणि ती रास्त आहे. मला मात्र जास्त काळजी वाटते ती तुम्ही पकडले गेला नाहीत तर काय होईल याची.

तसं झालं तर दादांच्या नावावर, तारखेसकट, उत्तम श्वासाचा एक कागद तयार होईल. दीड-दोन वर्षांनी त्यांना खरोखरच काम झेपेनासं झालं आणि त्यांनी भरपाई मागितली, तर दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतील: आजार आहे, आणि तो याच कामामुळे झाला. वर्षागणिक खाली जाणारे आकडे याहून चांगला पुरावा नाही. समोरचा वकील मात्र तुमच्या फुंकरीचा कागद पुढे करेल. ‘हे बघा, त्या वर्षापर्यंत माणूस ठणठणीत होता.’ तुम्ही प्रेमाने दिलेला श्वास दादांच्या विरुद्धचा पुरावा होऊन बसेल आणि तो खोटा आहे हे सांगायची सोय तुम्हा दोघांनाही राहणार नाही.

शिवाय त्या खात्यात तुम्ही दोघेच नाही. समजा फेटलिंगला वीस जण आहेत आणि त्यातल्या चौघांची हवा उतरलेली दिसली, तर कुणीतरी विचारील की इथला धूळ ओढणारा पंखा चालतो तरी का. चौघांपैकी दोघांनी दुसऱ्याला बसवलं, एकाने नोकरी सोडली आणि एकाला काढून टाकलं, तर अहवालात खातं सुदृढ ठरतं. अभ्यासक याला निरोगी कामगार परिणाम म्हणतात. आजारी माणसं यादीतून गळत जातात, उरलेली तब्येतीने बरी असतात आणि धूळ निर्दोष ठरते. गेल्या वर्षी ज्याचा गेट पास गेला तो आज तुमच्या यादीत आहे का? नसणारच. म्हणजे यंदाचा अहवाल आपोआप ‘सुधारला’.

आता तुमच्या पत्रात न बोलता गृहीत धरलेल्या एका गोष्टीकडे येते. मेडिकल ही एकच गोष्ट आहे आणि तिचे निकाल दोनच, फिट किंवा अनफिट, असं तुम्ही मानलंय. दोष तुमचा नाही, चिठ्ठीवर तसंच छापलेलं असतं. पण कामाच्या ठिकाणी दोन अगदी वेगळ्या तपासण्या चालतात आणि त्या एकाच चिठ्ठीत कोंबल्या जातात.

पहिली क्रेन चालवणाऱ्याची, रेल्वे चालकाची, खोल समुद्रात बुडी मारणाऱ्याची. क्रेनवाल्याची नजर कमी झाली किंवा त्याला झटके येत असतील तर खालच्या माणसाचा जीव जातो. इथे ‘हा माणूस हे काम करू शकतो का’ हाच प्रश्न असतो, आणि उत्तर ‘नाही’ आलं तर त्याला त्या कामावरून उतरवणं भाग असतं. तिथे कुणी माझ्याऐवजी दुसऱ्याला बसवू का म्हणून विचारलं असतं, तर मी चार ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले असते.

दुसरी तपासणी तुमची. सिलिका, शिसं, ॲस्बेस्टॉस, बेंझिन, कानठळ्या बसवणारा आवाज, किरणोत्सर्ग अशा ठिकाणच्या माणसांची. इथे धोका कामगाराकडून कुणाला नसतो, कामाकडून कामगाराला असतो. तेव्हा प्रश्नही उलटा फिरायला हवा: हे काम या माणसाला काय करतंय? आकडा खराब आला तर आधी बोट उचलायचं ते धुळीकडे. तुमच्याकडे (आणि तुम्ही एकटे नाही, अशी पत्रं मला नेहमी येतात) दुसरी तपासणी करून निकाल पहिलीसारखा वापरला जातो. धुळीने माणूस आजारी पडला की माणूस बाहेर जातो, धूळ जागच्या जागी राहते.

त्यामुळे दादांची भीती मला वेडगळ वाटत नाही. ती अनुभवातून आलेली आहे, आणि इतिहासही त्यांच्या बाजूने साक्ष देईल. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू जर्सीत घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग लावणाऱ्या तरुण मुली होत्या. ब्रशला टोक यावं म्हणून त्या तो ओठांत धरायच्या. त्या आजारी पडू लागल्यावर मालकांनी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. रक्तात बिघाड असल्याचं तज्ज्ञांनी लिहून दिलं. सरकारी खात्याला मात्र मुली उत्तम असल्याचं कळवण्यात आलं. तपासणी झाली होती, निदानही बरोबर होतं, आणि मुलींच्या हाती काहीच पडलं नाही. कारण कागद कुणाच्या कपाटात जाणार हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

माझंही एक सांगून टाकते. डॉक्टर म्हणून काही वर्षं मी कारखान्यांत अशा तपासण्यांना बसत असे. एका ठिकाणी सकाळच्या चार तासांत ऐंशी माणसं तपासून ऐंशी चिठ्ठ्यांवर सही केल्याचं मला आठवतं. माणसामागे तीन मिनिटं. ‘खोकला?’ ‘नाही.’ ‘धाप?’ ‘नाही.’ पुढचा. सुपरवायझर दारात उभा असताना ‘हो’ म्हणेल असा कामगार मला भेटला नाही, आणि दार लावून घ्या असं म्हणायलाही मला दुसरं वर्ष उजाडावं लागलं. दार लावलं त्या वर्षी खोकणाऱ्यांची संख्या एकदम वाढली.

आता तुमच्या ‘कुणासाठी’ची सरळ गोष्ट. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८५ चा १६१ क्रमांकाचा करार कामाच्या ठिकाणच्या आरोग्यसेवेबद्दल आहे. त्यात म्हटलंय की कामाशी संबंधित तपासणी कामगाराला फुकट असावी, तिच्यापायी पगार कापला जाऊ नये, ती शक्यतो कामाच्या वेळेत व्हावी आणि तपासणाऱ्या डॉक्टरला मालक व कामगार दोघांपासून व्यावसायिक स्वातंत्र्य असावं. त्याआधीचा १९७७ चा १४८ क्रमांकाचा करार हवेतलं प्रदूषण, आवाज आणि कंपनं यांबद्दलचा आहे. वैद्यकीय कारणाने एखाद्याला त्या कामावर ठेवणं योग्य नसेल, तर त्याला दुसरं योग्य काम देण्याचा किंवा सामाजिक सुरक्षेतून वा अन्य मार्गाने त्याचं उत्पन्न टिकवण्याचा सर्वतोपरी प्रयत्न व्हावा, असं तो सांगतो. हे करार जो देश स्वीकारतो त्याच्यावरच बंधनकारक असतात, म्हणजे ते दाखवून ठेकेदार उद्या गेट पास परत देईल असं नाही. पण ‘अनफिट म्हणजे घरी’ हा निसर्गनियम नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

काही देशांनी हे किती बारकाईने केलंय ते ऐका. अमेरिकेत शिशाच्या कामाचा नियम १९७८ चा आहे. रक्तातलं शिसं ठरावीक पातळीवर गेलं की कामगाराला त्या कामावरून हलवतात, पण अठरा महिन्यांपर्यंत त्याचा पगार आणि ज्येष्ठता शाबूत ठेवावी लागते. कारण उघड आहे. पगार जाणार असेल तर रक्त द्यायला कोण येईल? तिथल्याच सिलिकाच्या नियमात डॉक्टरचा सविस्तर अहवाल कामगाराला मिळतो. मालकाला तपासणीची तारीख आणि श्वसनरक्षक मास्क वापरण्यावर काही मर्यादा आहे का, एवढंच कळतं. त्यापुढचं कळवायचं तर कामगाराची लेखी संमती लागते. जर्मनीत सक्तीची तपासणी चुकवलेल्याला धोक्याचं काम देता येत नाही, पण तिथे सक्ती आहे ती डॉक्टरकडे जाऊन सल्ला घेण्याची. अंगाला हात लावून तपासणं किंवा रक्त काढणं कामगाराच्या मनाविरुद्ध होत नाही, आणि मालकाला जो कागद जातो त्यावर ‘अमुक दिवशी, अमुक कारणासाठी आला होता’ आणि पुढची तपासणी कधी हवी, याहून अधिक नसतं.

‘सक्तीची’ या शब्दाकडे पुन्हा बघा. सक्ती आधी मालकावर असते: तपासणी घडवून आण, खर्च कर, नोंदी ठेव. नोंदीही एक-दोन वर्षांच्या नव्हेत. अमेरिकेत नोकरी संपल्यावरही तीस वर्षं त्या जपाव्या लागतात, कारण ॲस्बेस्टॉससारख्या धुळीचा कर्करोग वीस ते पन्नास वर्षांनी उगवू शकतो. आणि सक्ती म्हणजे काहीही तपासायची मोकळीक नव्हे. धुळीच्या नावाखाली एचआयव्हीची चाचणी किंवा बाईमाणसाची गरोदरपणाची चाचणी उरकून घेणं यात बसत नाही. अशी चाचणी कशासाठी आणि माझ्या कामाशी तिचा काय संबंध, हे विचारायला कुणी लाजू नये.

मग दादांनी करायचं काय?

दवाखान्यात गेल्यावर ‘कारखान्यात आहे’ एवढं बोलून थांबू नका. इटलीतल्या मोदेना गावच्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्याने सन १७०० मध्येच लिहून ठेवलंय की रोग्याला विचारायच्या प्रश्नांत एक वाढवा: तुझा धंदा काय? तीनशे वर्षांनंतरही केसपेपरवर ‘मजूर’ लिहून काम भागवणारे आम्ही आहोत. म्हणून तुम्हीच बोला: कास्टिंगचं ग्राइंडिंग, बावीस वर्षं, कोरडी वाळू, मास्क असा नि असा. हे पेपरवर लिहून घ्या. थुंकी, एक्स-रे, फुंकण्याची टेस्ट हे तर करतीलच. एक्स-रे साफ आला आणि धाप तशीच असली तर सीटी स्कॅनबद्दल विचारा, कारण सुरुवातीचा सिलिकोसिस साध्या एक्स-रेत निसटू शकतो. प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि मूळ प्रत घरी.

क्षय निघाला तर उपचार लगेच सुरू होतील. संसर्ग पसरण्याचा काळ सरला की काम करता येतं. तो काळ कधी सरला ते डॉक्टरांनी सांगायचं, दादांनी नाही. ही रजा आहे, कायमचं अनफिट होणं नव्हे.

सिलिकोसिस निघाला तर गोष्ट अवघड आहे आणि मी ती सोपी करून सांगणार नाही. त्यावर बरं करणारं औषध नाही, आणि धूळ थांबल्यावरही आजार पुढे सरकू शकतो. पण धूळ चालू राहिली तर तो आणखी वाढतो. मुलीच्या शिक्षणाची ती दोन वर्षं दादांनी त्याच ग्राइंडरवर काढली, तर पदवीच्या दिवशी ते कुठल्या अवस्थेत असतील याचाही हिशेब त्यांनी मांडायला हवा. अशा वेळी डॉक्टरांकडून एक वाक्य नीट लिहून घ्या. ‘कामास अयोग्य’ असं नको. ‘सिलिकाच्या धुळीपासून दूरचे काम करू शकतात’ असं हवं. या दोन वाक्यांत एका नोकरीचा फरक आहे. बावीस वर्षांचा हात असलेला माणूस कास्टिंग तपासू शकतो, गेज लावू शकतो, स्टोअर सांभाळू शकतो, नव्या पोरांना शिकवू शकतो. फक्त ती जागा फेटलिंगच्या पलीकडे हवी, त्याच शेडच्या कोपऱ्यात टेबल टाकून दिलं तर त्याला बदली म्हणू नका.

आणि यात तुमचा खरा उपयोग आहे. दादांना तुमची फुप्फुसं नकोत, तुमचं कायम असणं हवंय. ठेकेदाराच्या माणसाने प्रश्न विचारला तर पुढच्या आठवड्यात तो दिसत नाही, तुम्हाला तसं काढणं सोपं नाही. युनियन असेल तर तिच्यातर्फे, सुरक्षा समिती असेल तर तिच्यातर्फे, काहीच नसेल तर चार-पाच कायम कामगारांच्या सहीने, मेडिकलच्या आधी एक अर्ज द्या. दादांचं नाव कुठेही नको. तीनच गोष्टी विचारा. निकाल कोण कोण बघणार, आणि आम्हाला आकड्यांसकट प्रत मिळणार का? आकडा खराब आला तर दुसरं काम देण्याची पद्धत काय? आणि ठेकेदाराच्या माणसांनाही तीच पद्धत लागू आहे का? उत्तर लेखी मागा. चौथं विचारायची हिंमत असेल तर खात्यातल्या धुळीचं मोजमाप शेवटचं कधी झालं आणि किती आलं, तेही विचारा. अर्ज मेडिकलच्या आधी गेला तर तो सगळ्यांचा असतो, नंतर गेला तर तो एका अनफिट माणसाची तक्रार होतो.

मेडिकलच्या दिवशी दादांनी स्वतः जावं, खोकला आहे म्हणून सांगावं आणि बाहेरच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं ते वाक्य दाखवावं. एवढं करूनही ठेकेदार त्यांना काढू शकतो. नाही काढणार अशी हमी मी घेऊ शकत नाही आणि तुम्हीही दादांना देऊ नका. फरक एवढाच की तेव्हा त्यांच्या हातात बावीस वर्षांचं काम, आजार आणि तारीख या तिन्हींची नोंद असेल आणि भरपाईचा दावा उभा राहू शकेल. फसवून मिळवलेल्या सहा-आठ महिन्यांनंतर काढलं, तर हातात काही नसेल.

आता तुमच्याबद्दल. ‘फिट’ हा शब्द फार फसवा आहे. फुंकण्याच्या टेस्टमध्ये पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली तो आकडा महत्त्वाचा. धूम्रपान न करणाऱ्या निरोगी प्रौढाचा हा आकडा वयामुळे वर्षाला साधारण ३० मिलिलिटरने उतरतो. समजा तुमचा पाच वर्षांपूर्वी ३.६ लिटर होता आणि आज ३.१ आहे. म्हणजे वर्षाला १०० मिलिलिटर गेले, तिपटीहून जास्त. तरीही तुमच्या वया-उंचीच्या अंदाजाशी ताडून तो ‘नॉर्मल’मध्येच बसू शकतो आणि चिठ्ठीवर पुन्हा ‘फिट’. इतरांशी तुलना करून तुम्ही पास होता, स्वतःशी तुलना केली तर नापास. म्हणून अकरा वर्षांतले जेवढे मिळतील तेवढे आकडे मागून घ्या आणि एका कागदावर ओळीने लिहा. एखाद्या वर्षाच्या घसरणीने घाबरू नका, त्या दिवशी सर्दी असेल किंवा नीट फुंकलं गेलं नसेल. तीन-चार वर्षं उतार दिसला तर तो कागद घेऊन दादांसोबत तुम्हीही दवाखान्यात बसा.

सुट्टी झाल्यावर एअरच्या पाइपने अंगावरची धूळ उडवता ना? सगळेच उडवतात. ते आजपासून बंद. दिवसभर खाली बसलेली सगळ्यात बारीक धूळ त्या एका फवाऱ्यात तोंडासमोर येते. कोरडा झाडूही नको, पाणी मारून काढा किंवा व्हॅक्यूमने ओढा. मास्क दाढीवरून बसत नाही, कडेने धूळ आत जाते. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. आणि मास्कवर सगळी भिस्त ठेवू नका. ब्रिटनचे पहिले कारखाना वैद्यकीय निरीक्षक थॉमस लेग १८९८ मध्ये नेमले गेले आणि त्यांनी शिशाच्या विषबाधेमागे आयुष्य घालवलं. त्यांचं म्हणणं असं की मालकाने सगळं केल्याशिवाय कामगार स्वतःच्या बचावासाठी फारसं काही करूच शकत नाही. रंगातल्या पांढऱ्या शिशावरचा १९२१ चा आंतरराष्ट्रीय करार त्यांच्या सरकारने स्वीकारायला नकार दिला तेव्हा, १९२६ मध्ये, ते राजीनामा देऊन बाहेर पडले. पाण्याची धार, ओढणारा पंखा, बंदिस्त ग्राइंडिंग हे मालकाचं काम. तुमच्या अर्जातला धुळीचा प्रश्न तिथेच जाऊन लागतो.

राहिलं दादांना ‘नाही’ म्हणणं. ते गेटवर नको, शिफ्ट सुटतानाही नको. त्यांच्या घरी जा आणि ‘नाही’ने सुरुवातही करू नका. म्हणा, ‘दादा, फुंकायला तुमच्या नावावर मी जाणार नाही, पण सोमवारी दवाखान्यात तुमच्याबरोबर मी येतोय, रजा टाकलीय.’ रजा खरोखरच टाकून मग जा. ते चिडतील. तुला काय, तू कायम आहेस, असं म्हणतील, आणि ते खरंच असल्यामुळे तुम्हाला लागेल. तेव्हा अर्जाचा कागद त्यांच्यापुढे ठेवा, तुमची सही केलेला. त्यांच्या मुलीलाही त्या बोलण्यात बसू द्या. ज्या दोन वर्षांसाठी हे सगळं चाललंय ती तिची आहेत, आणि बापाचा खोकला रात्री तीच ऐकत असणार.

थुंकीचा निकाल आला की मला कळवा. क्षय निघाला तर घरातल्या सगळ्यांची आणि तुमचीही तपासणी करावी लागेल, त्याबद्दल तेव्हा लिहीन.